जुनी आर. एक्स. १०० घेताना : काय विचारावे, काय पाहावे
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेत आपण मालविक्रीचा कायदा शिकतो, घसारा काढतो, ताळेबंद जुळवतो. पण स्वतःच्या पैशाने पहिली मोठी खरेदी करण्याची वेळ आली की हे सारे वर्गात ठेवून बाजारात जातो. आपल्यापैकी पुष्कळांची ही पहिली खरेदी म्हणजे जुनी मोटारसायकल असते. वेगाची आवड असणाऱ्यांच्या मनात तर बहुधा एकच नाव असते, ते म्हणजे यामाहा आर. एक्स. १००. गेल्या दोन वर्षांत मित्रांबरोबर मी अशा अकरा गाड्या पाहून आलो. माझे मामा उद्यमबागेत लेथवर काम करतात. त्यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये मी सुट्टीत बसत असे. तेथे जे पाहिले ते वर्गातील अभ्यासाशी जोडून येथे मांडत आहे.

विक्रेत्याला ठाऊक, गिऱ्हाइकाला नाही

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यांना पुढे २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. गाडी चांगली की वाईट हे विक्रेत्याला माहीत असते, गिऱ्हाइकाला नसते. म्हणून गिऱ्हाईक मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकत नाही, वाईट गाडीचा मालक मात्र आनंदाने विकतो. परिणामी बाजारात वाईट गाड्याच अधिक उरतात. आपण जे प्रश्न विचारतो आणि जी तपासणी करतो, तिचा उद्देश माहितीतील हे अंतर कमी करणे हाच असतो.

कायदा या बाबतीत आपल्याला किती मदत करतो? १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे मालाच्या दर्जाची जबाबदारी सर्वसाधारणपणे खरेदीदाराची असते. त्याने डोळे उघडे ठेवावेत. उलट १४ व्या कलमाप्रमाणे माल विकण्याचा हक्क विक्रेत्यापाशी आहे, ही अट न बोलताही करारात धरली जाते. ती मोडल्यास पैसे परत मागता येतात. पण पैसे घेऊन गेलेला माणूस सापडला तरच या हक्काचा उपयोग! म्हणून माझे मत असे झाले आहे की इंजिनाआधी कागद पाहावेत. इंजिन पैसे खर्चून नवे करता येते, मालकी तशी करता येत नाही.

ही गाडी इतकी महाग का?

एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या सहकार्याने १९८५ साली ही गाडी भारतात आणली. इंजिन टू-स्ट्रोक, ९८ सी. सी. चे; ताकद सुमारे ११ अश्वशक्ती, आणि गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास. त्या काळच्या फोर-स्ट्रोक १०० सी. सी. गाड्यांपेक्षा ही ताकद बरीच जास्त होती. १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले व तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज सर्वांत धाकटी आर. एक्स. १०० सुद्धा तिशीच्या घरात आहे. घसाऱ्याच्या नियमाप्रमाणे तिची किंमत कधीच शून्य व्हायला हवी होती, पण पुरवठा थांबला आणि मागणी वाढली. एक लाखाच्या वर किंमत सांगणारे विक्रेते मी पाहिले आहेत. जेथे मागणी अशी आंधळी असते तेथे रंगरंगोटी करून काहीही खपवता येते, हे वेगळे सांगायला नको.

पहिली तपासणी : कागद

आमच्या मिस्त्रींचे पहिले वाक्य ठरलेले असे : "मोदल कागद तोरसरी." (आधी कागद दाखवा.) विचारायचे प्रश्न असे :

१. आर. सी. वर नाव कोणाचे? विकणाऱ्याचे नसेल तर थांबावे. आपल्याकडे सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी तीन-चार हातांतून फिरते, नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहते. हस्तांतरासाठी फॉर्म २९ व फॉर्म ३० लागतात. नोंदलेला मालक वारला असेल तर फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर यावी लागते. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत हा प्रसंग नेहमीचाच.

२. नोंदणी चालू आहे का? खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून ती वाढवावी लागते. त्यासाठी गाडी आर. टी. ओ. कार्यालयात प्रत्यक्ष दाखवावी लागते. ऑगस्ट २०२५ मधील केंद्रीय नियमदुरुस्तीने वीस वर्षांवरील मोटारसायकलीसाठी हे शुल्क २,००० रुपये केले. मुदत कधी संपली हे कळले म्हणजे पुढचा खर्च व दंड यांचा अंदाज येतो.

३. हस्तलिखित आर. सी. बुकाची नोंद संगणकावर चढली आहे का? परिवहन खात्याच्या 'वाहन' नोंदीत गाडीचा क्रमांक सापडत नसेल, तर ती नोंद करवून घेण्याचे काम विक्रेत्याकडूनच करून घ्यावे.

४. गाडी कोणत्या राज्यातली? हा प्रश्न आपल्या सीमाभागात फार महत्त्वाचा. कोल्हापूर व पणजी येथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, त्यामुळे एम. एच. ०९ किंवा गोव्याच्या क्रमांकाची गाडी सहज येते. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवली तर येथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, हवा. शिवाय कर्नाटकाचा कर वेगळा. 'दाखला मागाहून देतो' असे म्हणणाऱ्याला पैसेही मागाहूनच द्यावेत.

५. कर्ज होते का? आर. सी. वर बँकेचे नाव असेल तर फॉर्म ३५ व बँकेचे पत्र पाहावे.

६. विमा व दंड? गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. मागील मालकाचे थकलेले दंडही पाहून घ्यावेत.

नाव बदलणे ही केवळ औपचारिकता नाही. अपघातातील भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्या मालकाची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. म्हणजे नाव न बदलता विकणाराही सुखी नाही, आणि घेणाऱ्याला तर आपल्या गाडीवर कसलाच पुरावा नाही.

यानंतर आर. सी. हातात धरून चेसिस व इंजिन यांचे क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. माझ्या एका वर्गमित्राबरोबर खानापूरच्या बाजूला एक गाडी पाहिली. टाकी आरशासारखी चमकत होती, एका किकमध्ये गाडी सुरू झाली. मित्राने केटरिंगची कामे करून व घरून थोडे घेऊन ७५,००० रुपये जमवले होते, ते त्याच्या खिशातच होते. मिस्त्रींनी हँडलखालच्या नळीवरचा चेसिस क्रमांक चिंधीने पुसला. आकडे एका रेषेत नव्हते, भोवती कानस फिरल्याच्या खुणा होत्या आणि तेवढ्याच जागी रंग ताजा होता. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. "चल," एवढेच म्हणाले. मित्र दोन दिवस आमच्याशी नीट बोलला नाही. पण अशी गाडी चोरीची निघाली तर ती जप्त होते, पैसे जातात आणि पोलिसांत जबाब द्यावा लागतो तो आपल्याला.

दुसरी तपासणी : थंड गाडी

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहावा. ते गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबावे. गरम इंजिन आपले दोष लपवते.

किक हाताने दाबून पाहावी. चांगल्या इंजिनात ती अडते, मग सुटते. अडथळा न होता खाली गेली तर रिंगा किंवा बोअर झिजले आहे असे समजावे. येथे विचारायचा प्रश्न : 'बोअर कितव्या साइजला आहे?' मूळ बोअर ५० मि. मी. चा असतो. प्रत्येक वेळी तो पाव-पाव मि. मी. ने मोठा करतात. एक मि. मी. पर्यंत गेला असेल तर पुढच्या वेळी नवा स्लीव्ह किंवा ब्लॉक आलाच.

प्लग काढून पाहावा. कोरडा व कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. काळा, ओला व तेलकट असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त जाते. पांढरट असेल तर कोठून तरी जादा हवा ओढली जाते. प्लग काढलेला असतानाच मॅग्नेटचे चाक पुढे-मागे हलवावे. पिस्टन हलण्यापूर्वी ढिलेपणा जाणवला तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले.

ऑइलबद्दल अवश्य विचारावे. या गाडीत टू-टी ऑइलची वेगळी टाकी व पंप असतो. पुष्कळ मालक तो पंप काढून ऑइल पेट्रोलमध्ये मिसळतात. पंप काढला आहे हे न समजता आपण नुसते पेट्रोल भरले तर थोड्याच अंतरात पिस्टन जाम होतो.

ब्लॉकही मूळचाच आहे का ते पाहावे. काही गाड्यांना १३५ चा ब्लॉक बसवलेला असतो, काहींचे पोर्ट घासून वाढवलेले असतात, सायलेन्सर कापलेला असतो. विकणारा हे 'रेसिंग काम' म्हणून कौतुकाने सांगतो. परंतु मूळ रचनेत असा बदल करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि नूतनीकरणाच्या तपासणीत तो आड येतो.

तिसरी तपासणी : सुरू झाल्यावर व रस्त्यावर

टू-स्ट्रोक गाडी थंड असताना धूर सोडणारच. पाच-दहा मिनिटांनी तो विरळ व्हावा. दाट धूर चालूच राहिला आणि गिअर ऑइल बाहेर न गळताही कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील गेले आहे. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले असेल तर उलट घडते : तेथून हवा आत शिरते, रेस सोडली तरी इंजिन लवकर खाली येत नाही. हे ऐकायला जोरदार वाटते, पण मिश्रण पातळ होऊन पिस्टन धरण्याची ती पूर्वसूचना असते.

गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढचे चाक उचलावे व हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर अडकल्यासारखे झाले तर कोनसेट झिजला आहे. मागचे चाक आडवे हलवल्यास स्विंग आर्मचा बुश कळतो. मग एका मित्राला सरळ रस्त्याने गाडी चालवायला सांगून मागून पाहावे. दोन्ही चाके एका रेषेत जात नसतील तर चेसिस वाकलेली असू शकते, आणि ती गाडी सोडावी. स्वतः चढावर चालवून चारही गिअर टाकून पाहावेत. जोर दिल्यावर गिअर सुटता कामा नये. ब्रेक दोन्हीकडे ड्रमचेच आहेत, त्यामुळे आजच्या डिस्क ब्रेकची अपेक्षा धरू नये. पण गाडी एका बाजूला न ओढता थांबली पाहिजे.

किंमत ठरवताना

सापडलेले दोष कागदावर लिहून प्रत्येकापुढे मिस्त्रींकडून रक्कम मांडून घ्यावी. घासाघीस आवाज चढवून करण्यापेक्षा अशी यादी पुढे ठेवणे अधिक उपयोगी पडते. त्याच वर्गमित्राने पुढे एका निवृत्त शिक्षकांच्या घरची गाडी पाहिली. गुरुजी वारले होते, गाडी तीन वर्षे पडवीत उभी होती. इंजिन थकलेले : रिंगा गेलेल्या, दोन्ही सील कडक झालेली. पण वारसांनी गाडी आधीच स्वतःच्या नावावर करून घेतली होती व नोंदणीची मुदतही शिल्लक होती. त्यांनी ७२,००० सांगितले. दुरुस्तीची यादी १४,००० ची झाली. ती काकूंना दाखवताच त्या म्हणाल्या, "बाळ, यांनी गाडी जपली होती, मी काही जपली नाही. अठ्ठावन्न दे." दुरुस्ती धरून हिशेब ७२,००० च्या आतच राहिला आणि महिन्याभरात आर. सी. मित्राच्या नावावर आली.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्या क्षणापूर्वीचा अपघात त्यांचा, नंतरचा आपला. नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवण्याचे ठरवता आले तर उत्तम.

विद्यार्थ्याच्या हातात एवढी रक्कम पुन्हापुन्हा येत नाही. म्हणून गाडी पाहायला जाताना बरोबर मिस्त्री असावा, एक मित्र असावा, आणि शक्यतो पैसे पहिल्या दिवशी घरीच ठेवावेत. खिशात पैसे असले की डोळ्यांना टाकीची चमकच तेवढी दिसते.