‘ताप येत आहे’ला इंग्रजीत काय म्हणावे?

काही वर्षांपूर्वी एका रात्री एका तरुण डॉक्टरांचा मला दूरध्वनी आला. ‘सर, चाइल्ड हॅड फिट्स,’ ते म्हणाले. ‘हॅड’ ऐकून झटके थांबले असावेत, असे मी गृहीत धरले आणि तापाविषयी सूचना देऊ लागलो. मग सहज विचारले, ‘आता बाळ काय करीत आहे?’ उत्तर आले, ‘झटके चालूच आहेत, सर!’ झटका ५ मिनिटांहून अधिक चालला, तर तो थांबविणारे औषध तातडीने द्यावे लागते. बाळ सुखरूप राहिले. परंतु क्रियापदाच्या एका रूपापायी मोलाची मिनिटे वाया गेली.

इंग्रजीचे काळ आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहेत. बोलताना मात्र आपण मनातल्या मनात मराठी वाक्यच उलथवितो. आम्हा इंदूरकरांच्या कानी दिवसभर हिंदी पडते आणि तिचीही घडण अशीच आहे. ‘तीन दिवसांपासून ताप येत आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य. त्याचे ‘फीव्हर इज कमिंग सिन्स थ्री डेज’ होते, ते चुकते. पूर्वी सुरू होऊन अद्याप टिकलेल्या गोष्टीसाठी मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ची जोड लागते. म्हणून ‘ही हॅज हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’ असे म्हणावे. ‘गेले तीन दिवस’ असा कालावधी सांगताना ‘फॉर’ आणि ‘सोमवारपासून’ असा आरंभ सांगताना ‘सिन्स’ योजावे.

आता झटक्यांचीच चार वाक्ये पाहू:

१. ‘ही इज हॅविंग अ फिट’: या क्षणी झटका चालू आहे.
२. ‘ही हॅज फिट्स’: त्याला झटके येण्याचा विकार आहे.
३. ‘ही हॅड अ फिट लास्ट नाइट’: काल रात्री झटका आला व थांबला.
४. ‘ही हॅज बीन हॅविंग फिट्स सिन्स मंडे’: सोमवारपासून झटके वारंवार येत आहेत.

चारही वाक्ये शुद्ध आहेत. पण प्रत्येकावर डॉक्टरांची कृती निराळी असते.

दैनंदिन संभाषणातही हाच विवेक उपयोगी पडतो. मालकी वा स्थिती सांगताना ‘हॅविंग’ नको: ‘आय हॅव टू चिल्ड्रन’, ‘आय हॅव अ डाउट’. क्रिया चालू असेल तर ते योग्यच: ‘वुई आर हॅविंग लंच’. तसेच ‘यस्टर्डे’सारखा गतकाळ सांगितला की ‘हॅव’ गळते: ‘आय सॉ हिम यस्टर्डे’.

आपसांत आपण एकमेकांचे इंग्रजी समजून घेतो. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या डॉक्टरांशी बोलताना मात्र ऐकणारा क्रियापदावरच विसंबतो. म्हणून बोलण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे: हे आता चालू आहे, नेहमीचे आहे, संपले आहे, की तेव्हापासून आजवर टिकून आहे? आणि प्रसंग बाका असेल, तर संकोच न करता मातृभाषेतच सांगावे. मी त्या रात्रीपासून पहिला प्रश्न मराठीतच विचारतो: ‘बाळ या क्षणी काय करीत आहे?’