फ्रीज ‘टक्’ करून थांबतो, म्हणजे गॅस संपला का?

प्रश्न : आमचा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आठ वर्षांचा आहे. रात्री आतून कडकड वाजतं, कधी चर्र असा आवाज येतो. हल्ली संध्याकाळी तो क्षणभर घूं करतो, मागे ‘टक्’ वाजतं आणि बंद पडतो. काही मिनिटांनी पुन्हा तेच. भाजीच्या ट्रेखाली पाणीही साचतं. मेकॅनिक म्हणतो गॅस संपलाय. भरून घ्यावा का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : एवढ्यात भरू नका. फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. शिवाय गॅस गळाला की कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. तासन् तास चालतो, पण आत गारवा नसतो. तुमच्याकडे उलट आहे. तुमचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही.

ती ‘टक्’ म्हणजे कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेल्या ओव्हरलोडचा आवाज. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचतो. मोटर फिरली की तो उतरतो. फिरलीच नाही, तर ओव्हरलोडमधली धातूची पट्टी तापून वाकते आणि वीज तोडते. पट्टी निवली की पुन्हा प्रयत्न, पुन्हा ‘टक्’. म्हणजे मोटर जळू नये म्हणून बसवलेला हा भाग आपलं काम चोख करतो आहे. पण हे दिवसेंदिवस चालू दिलंत, तर कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जळू शकतं. म्हणून असं लागोपाठ होऊ लागलं की बटण बंद करा.

तुम्ही ‘संध्याकाळी’ लिहिलंत, हे फार उपयोगाचं आहे. २३० व्होल्टची वीज संध्याकाळी बरीच उतरत असेल, तर मोटरला उठायला जोर मिळत नाही. फ्रीज सुरू व्हायच्या क्षणी सॉकेटवर व्होल्टेज मोजून घ्या. फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर आधी तो काढून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. व्होल्टेज कमी निघालं तर स्टॅबिलायझर लागेल. ते ठीक असेल, तर संशय मोटर सुरू करून देणाऱ्या रिलेवर आणि असल्यास कपॅसिटरवर. हे भाग कॉम्प्रेसरच्या मानाने स्वस्त असतात आणि गॅसला हात न लावता बदलता येतात. ते बदलूनही मोटर फिरली नाही, तरच कॉम्प्रेसरचा विचार करायचा. लाइट जाऊन लगेच आली तरीही अशीच ‘टक्’ वाजते, कारण नळ्यांतला दाब अजून समान झालेला नसतो. तेव्हा पाच मिनिटं थांबून सुरू करावा.

कडकड आणि चर्र यांची मात्र काळजी नको. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ठरावीक वेळाने हीटर लागतो आणि कॉइलवरचं बर्फ वितळवतो. गरम हीटरवर थेंब पडला की चर्र होतं. गार-गरम होताना आतलं प्लास्टिक कडकडतं. दिवसाही होतं ते, ऐकू रात्री येतं.

ट्रेखालचं पाणी याच वितळलेल्या बर्फाचं. ते एका बारीक नळीतून खाली कॉम्प्रेसरवरच्या तसराळ्यात जातं आणि तिथल्या उष्णतेने वाळतं. नळीचं तोंड बर्फाने किंवा कचऱ्याने बुजलं की पाणी खालच्या कप्प्यात उतरतं. पुढे बर्फ वाढून पंख्याला लागलं, तर खरखरही ऐकू येईल. प्लग काढून दोन्ही दारं रात्रभर उघडी ठेवा, खाली जुनी चादर अंथरा. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ टोकरू नका. गॅसची नळी फुटली तर गॅस खरंच जाईल.

तो गॅस कोणता, हे फ्रीजच्या आतल्या किंवा मागच्या पट्टीवर छापलेलं असतं. ‘आर-६००ए’ असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा वायू. घरगुती फ्रीजमध्ये तो बहुधा शंभर ग्रॅमहूनही कमी असतो, तरी तो भरलेल्या नळीला डाग देण्यासाठी ज्योतीचा टॉर्च लावणं धोक्याचं. जुन्या फ्रीजमधला आर-१२ वायू पेटत नसे, त्या काळातली बेफिकिरी आता चालणार नाही. उद्या कधी गॅसचं काम निघालंच, तर या वायूचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

आता मेकॅनिकला एवढंच विचारा : गळती कुठे आहे, दाखवता का? दाखवता आली नाही, तर आधी व्होल्टेज आणि रिले तपासायला सांगा. रात्रभर फ्रीज उघडा ठेवाल त्या दिवशी दूध, मासे, उरलेली भाजी शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये हलवा.