ज्या दुखण्यास नाव नाही
भावंडांच्या कर्तव्याविषयी एक पाठ

पाय मोडला तर पाय मोडला असे म्हणता येते. हिवताप भरला तर हिवताप म्हणता येतो. दुखण्यास नाव मिळाले म्हणजे अर्धी भीती सरते; कोठे जावे, काय द्यावे, किती दिवस सोसावे, हे सारे त्या नावाच्या पाठोपाठ येते. परंतु कधी कधी असे एक दुखणे घरात शिरते की त्यास नावच सापडत नाही. कालपर्यंत आपल्या ताटात जेवलेला भाऊ आज भलतेच बोलू लागतो. पाठची बहीण आपल्याकडे पाहते, पण ओळखत नाही. दुखणे मेंदूचे असते, आणि मेंदू डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी भावंडांनी काय करावे, ह्याचा आज आपण विचार करू.

लाखांदूर तालुक्याच्या बाजूस आमच्या ओळखीचे एक घर आहे. रोवणीचे दिवस होते. घरातील अठरा वर्षांची मुलगी दिवसभर चिखलात धानाचे पऱ्हे लावून आली आणि रात्री म्हणू लागली की, हा डावा हात माझा नव्हे. दोन रात्री ती झोपली नाही. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता मध्येच हसली, मग एकटक पाहत राहिली. आठवड्याभराने बांधावर तिला झटका आला. मग शेजारीपाजारी नावे घेऊन आले. एक म्हणाली, बाहेरची बाधा आहे. दुसरा म्हणाला, लग्नाचे वय झाले, मनावर घेतले आहे. तिसरा म्हणाला, कामचुकारपणाचे सोंग आहे. आणि मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ हळूच म्हणाले की, घरात काही गुप्त पाप असावे. चार दिवसांत त्या मुलीच्या दुखण्यास चार नावे मिळाली. त्यांतील एकही खरे नव्हते.

पहिली गोष्ट: खोटे नाव देऊ नये. नाव ठाऊक नसणे ह्यात लाज नाही. परंतु खोटे नाव घरास चुकीच्या वाटेस लावते. बाधा म्हटले की भगत येतो, अंगारा येतो, धुरी येते, आणि जे दिवस रुग्णालयात जावयाचे ते अंगणात जातात. सोंग म्हटले की रुग्णावर हात उगारला जातो. पाप म्हटले की घरचे लोक दुखणे लपवू लागतात. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी विचारले होते की, पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? प्रभूने दोघांवरचाही आरोप काढून टाकला. मग तो आरोप पुन्हा उचलून शेजाऱ्याच्या दारी नेऊन ठेवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? देशाचा कायदाही येथे स्पष्ट आहे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे ठरले आहेत.

दुसरी गोष्ट: खऱ्या नावाचीही वाट पाहत बसू नये. ह्याविषयी आपल्याच भागाचा इतिहास शिकण्याजोगा आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ आली असता पुण्याच्या संशोधकांना दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. चांदीपुरा ह्या गावावरून त्यास चांदीपुरा हेच नाव पडले. पुढे कित्येक वर्षे त्याची कोणी फारशी धास्ती घेतली नाही. मग २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली, तेव्हा शोधात हाच विषाणू निघाला. २००७ च्या जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत ही आपत्ती नागपूर विभागात, म्हणजे ज्यात आपला भंडारा जिल्हा मोडतो त्याच विभागात, आली. मेंदूज्वराच्या ७८ मुलांची नोंद झाली. ती सारी १५ वर्षांखालची होती, आणि शंभरात सुमारे ४४ ह्या प्रमाणात ती गेली. हा विषाणू वाळूमाशीच्या चाव्याने पसरतो. ही माशी डासाहून पुष्कळ लहान असते, आवाज करीत नाही, आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत व गुरांच्या गोठ्याच्या ओलाव्यात राहते. म्हणून पावसाळ्यापूर्वी भेगा लिंपून घ्याव्यात व लेकरांस गोठ्याजवळ निजवू नये.

आता ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी. ह्या विषाणूवर खास औषध अद्याप नाही आणि लसही नाही. तरीही वेळेवर पोहोचलेली कित्येक मुले वाचतात. ती कशाने वाचतात? डॉक्टर श्वास चालू ठेवतात, झटके थांबवितात, मेंदूची सूज उतरवितात, रक्तातील साखर सांभाळतात. ह्यांपैकी एकाही कामास दुखण्याचे नाव कळेपर्यंत थांबावे लागत नाही. नमुना प्रयोगशाळेस जाऊन उत्तर येईपर्यंत दिवस लोटतात. ह्या दुखण्यात मूल कधी कधी दोन दिवसही देत नाही.

शिवाय निरनिराळी दुखणी आरंभी एकसारखीच दिसतात. मेंदूत शिरलेला हिवताप, धानाच्या बांधीत वाढणाऱ्या डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर, क्षयामुळे मेंदूच्या आवरणास होणारा दाह, गवतातील बारीक किड्याच्या चाव्याने येणारा स्क्रब टायफस, ह्या सर्वांत ताप, डोकेदुखी, ओकारी, गुंगी व झटके दिसू शकतात. ह्यांतील हिवताप, क्षय व स्क्रब टायफस ह्यांवर नेमकी औषधे आहेत, परंतु ती वेळीच मिळाली पाहिजेत. आपल्या विदर्भात सिकलसेलही पुष्कळ घरांत आहे. त्या रोगाने लहान मुलासही अर्धांगवायू होऊ शकतो. आईबाप दोघेही सिकलसेलचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून एका भावंडास तो निघाला तर बाकीच्यांनीही रक्त तपासून घ्यावे. तात्पर्य, तापात मूल भलते बोलू लागले, जागे होईना, झटका आला, अथवा एक बाजू लुळी पडली, तर रात्र असो की दिवस, १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

झटका आला असता रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, आणि जवळचे कोयते, दगड, विस्तव दूर करावे. तोंडात चमचा अथवा बोट घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवू नये. शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर ती अत्यंत धोक्याची खूण समजावी.

तिसरी गोष्ट: भावंडाने साक्षी व्हावे. आमच्या मते ह्या पाठाचा गाभा हाच आहे. त्या लाखांदूरकडील मुलीस तिच्या थोरल्या भावाने नागपुरास नेले. घरचे धान विकून त्याने पैसा उभा केला होता. त्याच्या प्रेमात उणे काही नव्हते. डॉक्टरांनी विचारले, झटक्याआधी काय होते? कोणती बाजू आधी वाकडी होते? झोप कधी गेली? ताप आधी की भ्रम आधी? भाऊ खाली पाहू लागला. तो दिवसभर शेतात असे. त्यास काही सांगता येईना. तेव्हा त्याच्या सदऱ्यामागे उभी असलेली नऊ वर्षांची धाकटी बहीण म्हणाली, "मला ठाऊक आहे. आधी ताई ओठ चावल्यासारखे करते. मग डावा हात वाकडा होतो. मग ती पडते. ताप नव्हताच." त्या दोघी एकाच चटईवर निजत असत. डॉक्टरांनी भावाकडे पाठ केली आणि त्या मुलीसमोर खुर्ची ओढून घेतली.

वाचकहो, डॉक्टर रुग्णास घटकाभर पाहतो. भावंडाने त्यास जन्मापासून पाहिलेले असते. तो कसा हसतो, कसा चालतो, कशाने चिडतो, हे ज्यास ठाऊक त्यालाच आजचा बदल कळतो. ज्या दुखण्यास नाव नाही, त्याच्या शोधात भावंडाचे डोळे हे एक मोठे साधन आहे. म्हणून दोन आण्यांच्या वहीचे जुने दिवस गेले असले तरी एक वही अवश्य घ्यावी. तिच्यात तारीख व वेळ घालून लिहावे: झटका किती मिनिटे चालला, कोणत्या बाजूने सुरू झाला, झोप किती झाली, काय खाल्ले, कोणती गोळी केव्हा दिली, त्यानंतर काय झाले. घरात मोबाईल असेल तर झटक्याचे चित्रण करून डॉक्टरांस दाखवावे. ते गावभर पाठवू नये. जुने कागद, तपासण्या, मेंदूचे फोटो एका पिशवीत क्रमाने ठेवावेत. आणि भगताकडे नेले असेल अथवा झाडपाला दिला असेल, तर तेही न लाजता सांगावे. साक्षीने निवडून सांगू नये; सारे सांगावे.

चौथी गोष्ट: डॉक्टरासही नाव सापडले नाही तर धीर सोडू नये. पाठीच्या कण्यातून थोडे पाणी काढून तपासावे लागेल असे ते म्हणतात, तेव्हा पुष्कळ घरे भितात की रुग्ण कायमचा लुळा होईल. सुई ज्या ठिकाणी घालतात तेथे मज्जारज्जू संपलेला असतो. पाठ किंवा डोके काही दिवस दुखू शकते, परंतु ह्या तपासणीने लुळेपणा येणे फार क्वचित. नकार देण्यापूर्वी आपली शंका त्यांनाच विचारावी. त्या पाण्यातच पुष्कळदा उत्तर असते. विद्येस काल जे ठाऊक नव्हते ते आज कळते, ह्याचेही एक उदाहरण सांगतो. काही रुग्णांत, विशेषेकरून तरुण स्त्रियांत, शरीराची संरक्षक शक्ती चुकून स्वतःच्याच मेंदूवर उठते. झोप जाते, भ्रम होतो, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली होतात, झटके येतात, मग रुग्ण दगडासारखा निश्चल पडतो. जोसेप दालमाऊ ह्या वैद्यकीय संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकेत ह्या रोगाचे कारण दाखवून दिले. त्यापूर्वी अशा किती बहिणींस वेडी अथवा झपाटलेली म्हटले गेले असेल, ह्याची गणती कोण करील? आणि तो रोग उपचाराने बहुधा बरा होतो, मात्र महिनोन्महिने लागतात. नाव मिळण्याआधी ज्या भावंडांनी अशा रुग्णास धुतले, भरविले, बांधून न ठेवता सांभाळले, त्यांची सेवा नाव नव्हते म्हणून कमी खरी होती काय?

पाचवी गोष्ट: सेवा करणाऱ्याचीही सेवा व्हावी. आजाऱ्यापाशी सारे जमतात. त्याच्या भावंडाकडे कोणी पाहत नाही. ते शाळा सोडते, रात्री जागते, आणि मनात विचारते की, मी त्या दिवशी भांडलो म्हणून हे झाले काय? मलाही होईल काय? त्यास स्पष्ट सांगावे की, तुझ्या भांडणाने कोणाचा मेंदू आजारी पडत नाही. उपदेशक बंधूंनी अशा घरी जाताना दुखण्याचे नाव घेऊन जाऊ नये. कामाची पाळी घेऊन जावे. एका रात्री कोणी जागावे, एकाने गुरे पाहावीत, एकीने त्या घरच्या मुलांस जेवू घालावे. धान व बैल विकण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्रास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेविषयी विचारावे, आणि गावच्या आशाताईंचे साहाय्य घ्यावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले? ती दोन महिने रुग्णालयात होती. पाणी तपासले, फोटो काढले, मेंदूचा दाह शमविणारी औषधे दिली. हळूहळू तिला झोप येऊ लागली. एके सकाळी तिने धाकटीस नावाने हाक मारली. तिच्या सुटीच्या कागदावर दुखण्याच्या कारणापुढे इतकेच लिहिले आहे की, निश्चित झाले नाही. आजही ती झटक्यांची गोळी घेते, लवकर थकते, आणि ते दोन महिने तिला मुळीच आठवत नाहीत. कधी कधी ती विचारते, "मी काय करत होते ग तेव्हा?" मग धाकटी ती वही काढते आणि वाचून दाखविते. दुखण्यास नाव मिळाले नाही. परंतु त्या दिवसांत ती एकटी नव्हती, ह्याचा लेखी पुरावा त्या घरात आहे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावात मेंदूच्या दुखण्यास कोणकोणती खोटी नावे दिली जातात? त्यांनी रुग्णाचे कोणते नुकसान होते?
२. दुखण्याचे नाव कळण्याआधी कोणते उपचार करता येतात?
३. झटका आला असता काय करावे व काय करू नये, हे प्रत्येकाने करून दाखवावे.
४. आपल्या मंडळीत दीर्घ आजारी मनुष्याचे भावंड कोण आहे? ह्या आठवड्यात त्याची कोणती पाळी आपण घेऊ?