कर्ज मंजूर, कागद नामंजूर

व्यापारी व कारागीर बांधवांनो, बँक आपल्याला कर्ज देत नाही ही तक्रार आपल्या बाजारात नेहमीची आहे. दुकानात दोन माणसे चहाला बसली की हाच विषय निघतो. पण जरा खोदून विचारले तर पुष्कळदा असे कळते की कर्ज मंजूर झाले होते, मिळकतीचे कागद मुदतीत पुरे झाले नाहीत म्हणून ते हातचे गेले. माझेही तसेच होण्याच्या बेतात होते. व्याजाचा शरई मसला मी येथे काढीत नाही, तो आपापल्या आलिमांना विचारावा. येथे बोलायचे आहे ते फक्त तारणाच्या कागदांविषयी.

2017 च्या ऑक्टोबरात मी भिवंडीत यंत्रमागाचा एक गाळा घ्यायचे ठरवले. 3 लाख रुपये बयाणा दिला आणि 4 महिन्यांच्या मुदतीचे साठेखत केले. मुदतीत खरेदीखत झाले नाही तर बयाणा बुडणार, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तारण म्हणून अब्बांचे जुने घर द्यायचे होते. बँकेने महिन्याभरात मंजुरीपत्र दिले, त्याची मुदत 3 महिने. मी घरी मिठाई नेली. ती घाई झाली.

बँकेच्या वकिलाने मागील 30 वर्षांचा शोध घेतला, तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. अब्बा 2004 साली अल्लाहला प्यारे झाले, पण नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकेवर अजून त्यांचेच नाव होते. दुसरे म्हणजे, त्यांनी एका पतसंस्थेकडून पूर्वी घेतलेले कर्ज फेडून वर्षे झाली होती, पण त्याचा बोजा पत्रिकेवर तसाच होता.

वारसाहक्काने मिळकत आली की 3 महिन्यांच्या आत महसूल कार्यालयाला कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 149 सांगते. आपल्यात चाळीसवा होईपर्यंत सारे भाऊबहीण एका छताखाली असतात. अर्जावर सह्या घ्यायला त्याहून सोयीची वेळ नाही. पण नेमकी तेव्हाच ही गोष्ट काढणे कोणाला बरे वाटत नाही. मग एक भाऊ पुण्याला जातो, बहीण सासरी जाते आणि कागद राहून जातो. आमची एक बहीण तर तोवर दम्माममध्ये स्थायिक झाली होती.

आता वारसांचा हिशेब. अम्मी हयात होत्या, दादा-दादी आधीच वारलेले, आम्ही तीन भाऊ व दोन बहिणी. शरीयतप्रमाणे मिळकतीचे 64 हिस्से धरले तर अम्मींना 8, प्रत्येक भावाला 14 आणि प्रत्येक बहिणीला 7. कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एका माहीतगार माणसाने सल्ला दिला, "शेठ, बहिणींची नावे कशाला घालता? तिघा भावांची नोंद करून टाका, पंधरवड्यात काम होईल." खोटे कशाला बोलू, ती रात्र मी विचारात काढली. 3 लाख डोळ्यांसमोर होते. सकाळी मोठी आपा फोनवर एवढेच म्हणाली, "भाई, मला घर विकायचे नाही, पण माझे नाव अब्बांच्या घरावर असू दे." त्यानंतर तो विषय मी पुन्हा काढला नाही. दीनचा हुकूम तर आहेच. पण निव्वळ व्यवहार पाहिला तरी वारसांचे प्रतिज्ञापत्र खोटे करणे हा गुन्हा आहे, आणि बहीण गाळून दिलेले तारण तिच्या हिश्शापुरते कधीही कोर्टात अडकू शकते. वकील शोधतात ते हेच.

म्हणून दोन्ही बहिणींची नावे घातली व सहमालक म्हणून बँकेच्या कागदांवर त्यांच्याही सह्या ठरल्या. दम्मामच्या बहिणीने रियाधच्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून पाठवले. परदेशातून आलेल्या अशा कागदावर तो येथे पोचल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो, हे पुष्कळांना माहीत नसते. नोंदीच्या अर्जानंतर हितसंबंधितांना नोटिसा जातात आणि हरकतीसाठी 15 दिवस ठेवावे लागतात. ते कोणाच्या ओळखीने कमी होत नाहीत. मात्र पुढे अर्ज विनाकारण पडून राहिला तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते. त्यासाठी तारखेची पोच हातात हवी. मी पहिला अर्ज पोच न घेता दिला होता. तो सापडला नाही आणि 3 आठवडे वाया गेले.

या सर्वांत मला जे उशिरा उमगले ते असे. प्रत्येक कागदाचे आयुष्य असते. वारस नोंदीची वाट पाहता पाहता मूल्यांकनाचा अहवाल शिळा झाला, खात्याचे उतारे शिळे झाले, आणि मार्च उलटताच बँकेने सरलेल्या वर्षाचा हंगामी ताळेबंद मागितला. एक कागद आला की दुसरा बाद. म्हणून जे कागद सावकाश मिळतात आणि मिळाले की टिकतात, ते कर्जाचा विचार मनात येण्याच्याही आधी करून ठेवावेत: वारस नोंद, बोजा उतरवणे, हरवलेल्या मूळ खताची दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल. सातबारा, मिळकत पत्रिकेची ताजी नक्कल, खात्याचे उतारे हे चटकन मिळतात, ते अगदी शेवटी काढावेत. मी नेमके उलटे केले होते.

नावाचा घोळही असाच आधी निस्तरावा. शाळेच्या उर्दू दाखल्यावर मोहम्मद, सातबाऱ्यावर महंमद, पॅन कार्डावर नुसते एम.डी. ही तीन माणसे एकच आहेत हे आपल्याला ठाऊक, बँकेला नाही. काही बँका प्रतिज्ञापत्रावर भागवतात, काही राजपत्रात प्रसिद्धी मागतात. कोणते चालेल ते लेखी विचारून घ्यावे.

हिबाबद्दलही थोडे. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे, या तीन गोष्टी झाल्या की तोंडी हिबा आपल्या कायद्यात पुरा होतो. नोंदणी झाली नाही एवढ्याने तो बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सांगितले आहे. पण कोर्टात टिकणारी गोष्ट बँकेच्या टेबलावर टिकेलच असे नाही. देणारा हयात आहे तोवर लेखी नोंदणीकृत करून घ्यावे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवायला सांगितले आहे, आणि आपण भावाभावांत लिहिणे म्हणजे अविश्वास समजतो.

माझा बयाणा वाचला तो एका कारणाने. मुदत संपण्याच्या 20 दिवस आधी मी गाळ्याच्या मालकाकडे व बँकेकडे दोन्हीकडे मुदतवाढ मागितली. मालकाने 25 हजार जादा घेऊन अडीच महिन्यांचे पुरवणी साठेखत करून दिले. बँकेनेही मंजुरी वाढवून दिली. मुदत उलटल्यावर गेलो असतो तर दोघांनीही नवा भाव आणि नवा अर्ज सांगितला असता. खरेदीखत एप्रिल 2018 मध्ये झाले.

पतसंस्थेचा बोजा उतरवायला मात्र सर्वांत जास्त फेऱ्या पडल्या, कारण फेडीचा दाखला अब्बांनी घेतलाच नव्हता आणि संस्थेचे जुने दप्तर गोदामात होते. आता बँकांपुरता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत देणे आणि नोंदवलेला बोजा काढणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. तरी पत्रिकेची नवी नक्कल काढून बोजा खरोखर उतरला का, ते आपण स्वतः पाहावे.