थंडीत मिरचीचं बी रुसतं, मरत नाही



या अंकात मिरचीच्या रोपांविषयी लिहिते आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

गेल्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका गटातल्या पाच जणींनी उन्हाळी मिरचीसाठी गटातून कर्ज घेतलं आणि बियाणं आणलं. "गादीवाफे करा आणि बी टाका" असं मीच बैठकीत सांगितलं होतं. त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. पंधरा दिवस झाले तरी वाफे तसेच काळे. सगळ्या म्हणाल्या, बियाणं बोगस निघालं, दुकानदाराला जाब विचारू. मीही तयार झाले होते.

तेवढ्यात त्यातल्याच एकीच्या सासूबाईंनी पाकिटातलं उरलेलं बी ओल्या फडक्यात बांधलं, एका जुन्या डब्यात घातलं आणि डबा चुलीमागच्या भिंतीशी ठेवला. नवव्या दिवशी बियांना पांढरे मोड आले होते. बी चांगलंच होतं. त्याला ऊब मिळाली नव्हती. चूक दुकानदाराची नव्हती, माझ्या सल्ल्याची होती. म्हणून हा पाठ.

बी का उगवत नाही?

मिरची हे मूळचं उष्ण भागातलं पीक. तिच्या बियांना उगवायला २५ ते ३० अंश तापमान लागतं. एवढी ऊब मिळाली तर साधारण ८ ते १० दिवसांत कोंब वर येतो. माती १५ अंशांच्या खाली गेली की उगवण जवळजवळ थांबते. आपल्या नाशिक भागात, त्यातही निफाडकडे, थंडीच्या लाटेत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. अशा वेळी उघड्या वाफ्यात बी नुसतं भिजत पडतं आणि जास्त दिवस ओल राहिली तर कुजतं. म्हणजे थंडीत बी घरात उगवायचं आणि ऊन वाढलं की बाहेर न्यायचं.

कधी सुरू करायचं?

लावणीच्या दिवसापासून मागे मोजा. थंडीत रोप तयार व्हायला सुमारे ४५ ते ५० दिवस धरा. फेब्रुवारीअखेर लावणी करायची असेल, तर बी जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात टाका.

आधी बी तपासा

त्याआधी दहा-बारा दिवस हातात ठेवून २० बिया मोजून घ्या. ओल्या फडक्यात गुंडाळा, डब्यात घालून उबदार जागी ठेवा. फडकं रोज पाहा, वाळू देऊ नका. २० पैकी १६ बियांना मोड आले, तर उगवण ८० टक्के. दहाच उगवल्या तर बी जास्त टाकावं लागेल किंवा बदलावं लागेल. ही परीक्षा फुकट आहे, नंतरचा पस्तावा महाग पडतो.

घरात रोपं कशी करायची?

१. ट्रेला खाली भोकं हवीत. ट्रे नसेल तर कागदी कप किंवा दुधाच्या पिशव्यांना भोकं पाडून वापरा.

२. ट्रेसाठी भिजवलेलं कोकोपीट घ्या. कप-पिशव्यांत चाळलेली माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि वाळू समान घ्या. कच्चं शेणखत नको.

३. घरचं बी असेल तर रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. पाकिटातलं रंगीत बी भिजवू नका. त्याला औषध लावलेलं असतं. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवा. मोड तपासायला वापरलेला डबा परत स्वयंपाकात घेऊ नका.

४. एका कप्प्यात एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल.

५. ट्रे एकावर एक रचा, प्लास्टिकने झाका, वरून गोधडी किंवा पोतं टाका. जागा चुलीच्या भिंतीजवळची, पण विस्तवापासून दूर. तळहात ठेवून बघा, कोमट लागलं पाहिजे. चटका बसला तर बी भाजून जाईल.

६. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज उघडून पाहा. पहिले कोंब दिसले की झाकण काढा आणि ट्रे उजेडात मांडा. इथे एक दिवसाचा आळसही महागात पडतो. अंधारात रोपं लांबट, पिवळी होतात आणि मान टाकतात.

७. नंतर सकाळी कोवळ्या उन्हात ठेवा, संध्याकाळी घरात घ्या. पाणी सकाळीच आणि बेताने द्या. संध्याकाळी पाणी घातलं तर रात्री मुळं गारठतात.

रोपं आडवी पडू लागली तर?

देठ मातीजवळ मऊ पडून रोप कोलमडलं, तर तो मर रोग. बहुतेक वेळा कारण जास्त पाणी असतं. पडलेली रोपं काढून टाका, पाणी कमी करा, हवा खेळू द्या. पेरणीआधीच मातीत ट्रायकोडर्मा मिसळला तर हा रोग बराच आटोक्यात राहतो.

शेतात नेण्याआधी

रोप १२ ते १५ सेंटिमीटरचं झालं, पाच-सहा पानं आली, की शेवटचे आठ दिवस पाणी कमी करा आणि रोपं जास्त वेळ बाहेर ठेवा. बाहेर ठेवताना बारीक कीटकरोधक जाळी लावा. फुलकिडे आणि पांढरी माशी लहान रोपांवर बसली, की पुढे बोकड्या पडतो. लावणी संध्याकाळी करा.

शेवटचं म्हणजे बियाण्याचं पाकीट आणि पावती जपून ठेवा. ऊब देऊनही बी उगवलं नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. पण आधी फडक्यातली परीक्षा करा. आपली बाजू पक्की हवी.

त्या पाच जणींनी दुसऱ्यांदा बी घरात टाकलं. लावणी उशिरा झाली, पण मिरची आली आणि कर्जाचे हप्ते फिटले. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने २० बियांची परीक्षा करून किती उगवल्या तो आकडा आणावा. मीही माझ्या घरी लावते आहे. माझाही आकडा सांगेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक