सही करण्याआधी

बेसिक कोर्स करून आलास, स्काउट पथकाची नोंदणी झाली, आता शनिवारी शाळा सुटल्यावर 32 पोरं मैदानात तुझ्यासमोर उभी राहतील. गाठी, लॅशिंग, तंबू, शिट्टीच्या खुणा हे तुला शिकवलेलं आहे, आणि अडलंच तर पुस्तकात सापडेल. मी सांगणार आहे ते सहीबद्दल. मुलाच्या नोंदवहीत एकेक अट पुरी झाली म्हणून तू जी सही करशील, तिच्यावर पथकातला सगळा न्याय उभा आहे.

प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, हा चढ तुला पाठ आहे. सुरुवातीच्या पायऱ्या तुझ्या हातात असतात, पुढे जिल्ह्याचे आणि राज्याचे परीक्षक येतात. पण तो परीक्षक दोन-चार दिवसांत मुलाची वर्षं तपासू शकत नाही. तो तुझ्या सहीवर विसंबतो. शिवाय या पदकांना बाहेर किंमत आहे. रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाइडांचा वेगळा कोटा असतो आणि तिथे राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज मागतात. म्हणजे आज तू कुणाच्या तरी मुलाला न आलेल्या गोष्टीवर सही दिलीस, तर काही वर्षांनी तू कधी न पाहिलेल्या, खरंखुरं काम केलेल्या दुसऱ्या तालुक्यातल्या मुलाची जागा जाऊ शकते. हे कायम डोक्यात असू दे.

म्हणून पहिली सवय ही लावून घे: काम झालं त्याच दिवशी, तारीख घालून, शाईनं सही. चाचणी शिबिराच्या आदल्या रात्री ऑफिसात बसून वर्षभराच्या तारखा भरल्या जातात, हे मी कितीदा पाहिलं आहे. तिथे मुलं शेजारीच उभी असतात. सर कोणत्या तारखा घालताहेत हे त्यांना दिसत असतं, आणि खरं बोलण्याचा नियम शिकवणारा माणूस आपल्यासमोर काय करतो आहे तेही कळत असतं. शाळेला यंदा अमुक इतके राज्य पुरस्कार हवेत असं कुणी वरून म्हणालं, तर शांतपणे सांग की तयार असतील तेवढी मुलं पाठवतो. पहिल्या वर्षी कदाचित एकही जाणार नाही. चालेल.

दुसरं, अट वाढवू नको आणि कमीही करू नको. कमी करणं वाईट हे सगळ्यांना समजतं. वाढवण्याचा मोह मात्र चांगल्या, कडक मास्तरांना होतो. पुस्तकात गाठ बांधून तिचा उपयोग सांगा एवढंच असतं आणि आपण डोळे बांधून, घड्याळ लावून बांधायला लावतो. सरावात हे खुशाल कर, मुलांना मजा येते. परीक्षेत करू नको. आपल्या मनानं वाढवलेली अट नेहमी कुणावर तरी जास्त पडते, आणि बहुतेक वेळा ज्याच्यावर आपली नाराजी असते त्याच्यावर. अमेरिकेतल्या स्काउटांच्या पदोन्नतीच्या नियमांत हे सरळ लिहून ठेवलेलं आहे की कोणत्याही पथकाला वा पदाधिकाऱ्याला अटींत भर घालण्याचा किंवा त्यांतून काही वगळण्याचा अधिकार नाही. तिथे ईगल स्काउट व्हायला 21 पदकं लागतात, आणि ती न्यूयॉर्कच्या मुलाला आणि अलास्काच्या मुलाला सारखीच. आपणही तसंच वागावं. एखाद्या मुलाच्या पायात अधूपणा असेल आणि त्याला हाईक जमणार नसेल, तर परस्पर सूट देऊ नको. आधी जिल्हा संघटकांना विचार, तेवढ्याच कष्टाचं दुसरं काम सुचव, परवानगी लेखी घे. मग त्या पोराला कुणी म्हणू शकत नाही की याला फुकट मिळालं.

परीक्षा घेताना ‘सांग’ कमी म्हण, ‘करून दाखव’ जास्त म्हण. बोलाइन गाठीची व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलं असतात. अशा मुलाला म्हण, हा मित्र खड्ड्यात पडला आहे असं समज आणि त्याला वर घे. फास आवळला गेला की त्यालाच कळेल की गाठ चुकली. शीट बेंडला एक जाड आणि एक बारीक दोर दे. रीफ नॉट पट्टीवरच बांधायला लाव. लॉगबुकाचं तर मी खास सांगतो. काही लॉगबुकं इतकी देखणी असतात की हात लावायला भीती वाटावी, आणि ती आईनं किंवा मोठ्या बहिणीनं सजवलेली असतात. सजावटीला गुण देऊ नको. मध्येच कुठलंही पान उघड आणि म्हण, या दिवशी काय झालं ते सांग. जो खरोखर गेला होता तो थांबतच नाही. चूल पेटत नव्हती, भाकरी करपली, कुणाची चप्पल ओढ्यात गेली, सगळं सांगतो. मोडक्या अक्षरातल्या चार ओळी असल्या तरी ते लॉगबुक खरं.

आता तुझ्या भागातली सगळ्यात अवघड गोष्ट. तुझ्या पथकातली निम्मी नाही तरी बरीच मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततील. सोपानांना महिन्यांची अट असते. दरवर्षी असं मूल मध्येच गायब होतं, परत आल्यावर मास्तर म्हणतो, चल, पहिल्यापासून. दोन वर्षांनी ते स्काउटिंग सोडतं आणि आपण म्हणतो त्याला आवड नव्हती. हा अन्याय नियम करत नाही, आपला आळस करतो. आधी झालेल्या कामावरच्या सह्या पुसल्या जात नाहीत, त्या तशाच राहू देत, परत आल्यावर पुढून सुरू कर. जाताना नोंदवही त्याच्याबरोबर जाऊ दे. तिथे फडावर तो काय करतो बघ: कोपीसमोर तीन दगडांची चूल मांडून सगळ्यांचं जेवण करतो, उसाच्या वाढ्यांनी मोळी बांधतो, धाकट्या भावंडाला सांभाळतो, अंधारात वाट काढतो. आपण शिबिरात जे शिकवायला धडपडतो त्यातलं बरंच त्याच्या हाताला आधीच येतं. मात्र तो हे करतच असेल असं धरून सही देऊ नको. परत आल्यावर मैदानात करून दाखवू दे आणि त्याच दिवशी सही दे. आणि एखाद्या शनिवारी त्यालाच चूल मांडायला उभं कर, बाकीच्यांनी शिकावं. हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांचा एक संघ तर तू वर्षभर चालवू शकतोस.

गणवेशावरून कुणाला रांगेबाहेर ठेवू नको. कपडे, स्कार्फ, वॉगल, पट्टा, बूट असं सगळं धरलं तर मजुराच्या घराला ते जड जातं. खरी कमाईतून, म्हणजे मुलांनी छोटी कामं करून, जे पैसे जमतील त्यातून पाच-सहा गणवेश पथकाचे म्हणून घे, आणि जो वाढेल त्यानं ते धाकट्याला द्यायचे. ‘गरिबांचे गणवेश’ असं कुणाला कधी म्हणू देऊ नको. पथकाच्या पेटीतले गणवेश, एवढंच. त्या पैशांचा हिशेब दर महिन्याला मानसभेत, म्हणजे संघनायकांच्या सभेत, वाचून दाखव. दहा रुपयांचा दोर असला तरी.

मुलींच्या गाइड पथकाच्या बाई तुझ्या शाळेत आहेत, त्यांच्याशी आजच बोलून घे. जिल्हा मेळाव्यात मुलगे तंबू ठोकतात, टॉवर उभारतात, आणि मुलींना रांगोळी आणि पाहुण्यांच्या स्वागताला लावतात, हे चित्र मला फार खुपतं. मुलींनाही तोच दोर आणि त्याच काठ्या मिळाल्या पाहिजेत. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या स्काउट मेळाव्याला मुली न बोलावता स्काउटांचा वेष करून आल्या होत्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या होत्या. पुढच्याच वर्षी गाइड चळवळ सुरू झाली. आणि आपल्या पुण्यात 1966 पासून ‘संगम’ आहे, जगभरच्या गाइडांच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक. शक्य झालं तर मुलींना तिथे घेऊन जायला बाईंना मदत कर. परदेशातून आलेल्या मुली तिथे काय काय करतात ते त्यांनी पाहावं.

कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हा प्रश्न आपल्या चळवळीत जुना आहे. बेडन पॉवेलनं 1907 मध्ये ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर भरवलं तेव्हा ईटन, हॅरोसारख्या बड्या शाळांची पोरं आणि कामकरी घरांतली पोरं त्यानं एकाच संघात मिसळली. पण 1909 मध्ये भारतात स्काउटिंग आलं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतंच. आपल्या मुलांना दार बंद होतं. मग मद्रासला बेझंटबाई आणि अरुंडेल, अलाहाबादला मालवीय, कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी, मध्य प्रांतात विव्हियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी पथकं काढली. 7 नोव्हेंबर 1950 ला या सगळ्या वाटा एकत्र येऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. ज्या वस्तीतलं एकही मूल तुझ्या पथकात नाही, तिथे तू स्वतः जाऊन बस, चहा घे, घरच्यांशी बोल. नुसती फलकावर सूचना लावली की सगळ्यांना संधी दिली असं होत नाही.

संघनायक निवडताना वर्गाचा मॉनिटर आणि सरपंचाचा मुलगा ही दोन नावं आपोआप पुढे येतात. सहा-आठ जणांच्या संघाला विचार: पावसात तंबू गळायला लागला तर तुम्ही कुणाकडे बघाल? त्यांचं उत्तर बहुतेक बरोबर असतं. एकदा नायक केलास की त्याचं काम त्याला करू दे. चूल उशिरा पेटली तर जेवण उशिरा होईल. शिट्टी काढून तू स्वतः धावू नको. मानसभेत तू सल्लागार आहेस, अध्यक्ष नाहीस. एखाद्या मुलाला वाटलं की आपल्यावर अन्याय झाला, तर त्याला तिथे बोलता आलं पाहिजे, तुझ्याविरुद्ध असलं तरी.

एखाद्या बड्या पालकाचा फोन येईल. येईलच. तो दबाव मानसभेवर ढकलू नको, पोरांच्या खांद्यावर तो टाकायचा नसतो. तूच त्यांना घरी बोलाव, नोंदवही समोर ठेव आणि काय बाकी आहे ते दाखव. उद्या तुझा स्वतःचा मुलगा पथकात आला तर त्याच्या नोंदवहीत तू एकही सही करू नको. शेजारच्या शाळेच्या मास्तरांना बोलाव, त्यांच्या मुलाचं तू बघ. मुलगा सगळ्यांहून चांगला असला तरी हेच कर, म्हणजे त्याच्या पदकाकडे कुणी बोट दाखवणार नाही.

जो मुलगा परीक्षेत कमी पडला त्याला झेंड्यासमोर सांगू नको. बाजूला घे, नेमकं काय राहिलं ते सांग, त्याच्याच वहीत लिहून दे आणि पुन्हा परीक्षेची तारीख तिथेच ठरव. ‘अजून मेहनत घे’ हे काही उत्तर नव्हे. ‘तिसरी लॅशिंग सैल आहे, पुढच्या शनिवारी परत दाखव’ हे उत्तर आहे. आणि त्या शनिवारी तू विसरायचं नाही.

मोठ्यांविषयी एक गोष्ट मी सगळ्यात गंभीरपणे सांगतो. मुलांबरोबर कुठेही जा, दोन मोठी माणसं पाहिजेत. एकट्या मुलाला खोलीत, तंबूत, गाडीवर एकट्या मोठ्यानं न्यायचं नाही, कितीही ओळखीचा असला तरी. परीक्षाही उघड्यावर, चारचौघांना दिसेल अशी घ्यायची. ज्याच्या हातात पदक आहे त्याच्यासमोर मूल लाचार असतं, आणि वाईट माणसाला हे नेमकं माहीत असतं. मुलानं काही सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेव, आपसात मिटवायला कुणी म्हटलं तरी ऐकू नको. 2012 च्या पोक्सो कायद्याखाली असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून घे, आणि तो कशासाठी आहे ते त्यांना नीट सांग.

तुझी बदली कधी ना कधी होणार. जिल्हा परिषदेचा मास्तर एका गावात कायम राहत नाही, आणि मास्तर गेला की पथक मोडतं, पोरांची अर्धी चढलेली वाट तिथेच थांबते. म्हणून पहिल्याच वर्षी एक सहायक तयार कर, त्याला बेसिक कोर्सला पाठव. मुलांच्या नोंदवह्या शाळेच्या कपाटात कोंडू नको, त्या मुलांच्या घरी असू देत. पथकाचं रजिस्टर मात्र शाळेत ठेव, आणि दर महिन्याला त्यात प्रत्येक मुलासमोर लिही की तो कुठल्या सोपानावर आहे, काय झालं, काय बाकी आहे. जो नंतर येईल त्याला तुझं अक्षर लागलं पाहिजे.