पदवी नसताना परदेशात इंग्रजी शिकविणे : पात्रता कोणती?

‘इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशात शिक्षक पाहिजेत. पदवीची अट नाही. राहण्याची सोय मोफत.’ अशा मजकुराच्या जाहिराती आज मोबाईलवरून घरोघरी पोहोचतात. बारावी झालेली, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारी, परंतु घरच्या परिस्थितीमुळे कॉलेज अर्धवट सोडावे लागलेली आपली मुले-मुली त्या वाचून हरखून जातात आणि आईवडील दागिना मोडायला तयार होतात. पैसे भरण्यापूर्वी या क्षेत्रात कोणती पात्रता लागते हे समजून घेतलेले बरे.

शिकविता येणे आणि त्या देशात शिकविण्याची परवानगी मिळणे या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. पहिलीसाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असते आणि त्याला पदवी लागत नाही. दुसरी त्या त्या देशाच्या सरकारच्या हाती असते आणि तेथे बहुतेक ठिकाणी पदवी मागतात. जाहिरात देणारा पहिली बाब ठळक अक्षरांत छापतो आणि दुसरीबाबत मौन पाळतो.

प्रमाणपत्रांत जगभर मानली जाणारी दोन आहेत. एक केंब्रिजचे ‘सेल्टा’ आणि दुसरे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे ‘सर्ट टेसॉल’. लंडनच्या ‘इंटरनॅशनल हाऊस’ या संस्थेत जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली शिक्षक-वर्ग सुरू केला, त्याच परंपरेतून सेल्टा आले. सेल्टा सुमारे १२० तासांचे, तर सर्ट टेसॉल किमान १३० तासांचे असते. प्रवेशासाठी पदवी नव्हे, तर विद्यापीठात प्रवेश मिळू शकेल इतके शिक्षण, म्हणजे आपल्याकडील बारावी, आणि उत्तम इंग्रजी लागते. हे ‘उत्तम’ मात्र गंभीरपणे घ्यावे, कारण प्रवेशापूर्वी लेखी काम करून घेतात व मुलाखतही होते.

या प्रमाणपत्रांचे खरे मोल सहा तासांत आहे. उमेदवाराला खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गासमोर, मागे परीक्षक बसलेला असताना, एकूण सहा तास शिकवावे लागते. सर्ट टेसॉलमध्ये तर आणखी एक चांगली गोष्ट आहे. उमेदवाराला त्याला मुळीच न येणाऱ्या भाषेचे काही धडे घ्यावे लागतात. काही न कळता वर्गात बसणे म्हणजे काय, हे त्याला तेथे समजते. आपल्यापैकी ज्यांनी मराठी शाळेतून एकदम इंग्रजी वर्गात पाऊल टाकले, त्यांना हा धडा वेगळा द्यावा लागणार नाही.

शिकविणाऱ्याला ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हे चूक आहे एवढे ठाऊक असून भागत नाही. का चूक आहे ते सांगता आले पाहिजे. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे आपण मराठीत सहज म्हणतो, म्हणून ही चूक आपल्याकडे होते. थाई विद्यार्थी शब्दाच्या शेवटच्या ‘ल’चा ‘न’ करतो, त्याचे कारणही त्याच्याच भाषेत सापडते. ज्याने स्वतः इंग्रजी कष्टाने मिळविली, त्याला अशा जागा लवकर दिसतात.

केवळ संगणकावर पाहून मिळणारी ‘१२० तासांची टेफल’ प्रमाणपत्रे अनेक प्रकारची असतात. टेफल हे कोणा एका संस्थेचे नाव नव्हे; ते प्रमाणपत्र कोणीही काढू शकतो. प्रत्यक्ष वर्ग घ्यायला लावतात काय, हे अगोदर विचारावे. तसेच आयेल्ट्स ही भाषेची परीक्षा आहे, शिक्षकाची पात्रता नव्हे. तिचा निकालही साधारणतः दोन वर्षेच ग्राह्य धरतात.

आता व्हिसा. दक्षिण कोरिया व चीन येथे भाषा-शिक्षकाला पदवी लागते. थायलंडच्या शाळांत व व्हिएतनाममध्येही पदवी मागतात. जपान सरकारच्या ‘जेट’ योजनेतही पदवी अनिवार्य आहे. मग पदवी नसलेले इंग्रज किंवा ऑस्ट्रेलियन तरुण जपानमध्ये शिकवितात ते कसे? त्यांच्या देशांचे जपानशी ‘वर्किंग हॉलिडे’ करार आहेत, भारताचा तसा करार नाही. तेव्हा त्यांची यशोगाथा दाखवून कोणी आपल्याकडून पैसे मागत असेल, तर पासपोर्ट कोणत्या देशाचा, हा पहिला प्रश्न विचारावा.

कोरियाने आपला नेहमीचा शिक्षक-व्हिसा अमेरिका, ब्रिटन आदी सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांपुरता ठेवला. भारताशी २०१० पासून लागू झालेल्या करारात भारतीय शिक्षकांसाठी वाट ठेवली आहे, पण तीही पदवीधर व अध्यापनाची पात्रता असलेल्यांसाठीच. अनेक शाळा ‘नेटिव्ह स्पीकर’च हवा असे म्हणतात. ज्ञान न पाहता जन्म पाहून लायकी ठरविण्याची ही रीत आपल्याला नवीन नाही.

पदवीबाबत सैल असलेल्या देशांत कंबोडियाचे नाव नेहमी घेतले जाते. तेथे पदवी नसलेले शिक्षक काम करीत आले आहेत, मात्र वर्क परमिट तेथेही लागतेच. पर्यटक व्हिसावर नेऊन ‘तेथे गेल्यावर बदलून देऊ’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता. थायलंडमधील नोकरीच्या नावाने नेलेल्या भारतीय तरुणांना बेकायदेशीरपणे म्यानमारमध्ये नेऊन डांबून ठेवले जात होते. त्या नोकऱ्या अध्यापनाच्या नव्हत्या, संगणकाच्या होत्या. परंतु इंग्रजी येणारा, निकड असलेला तरुण हे सावज तेच. एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे की नाही, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते.

माझ्या मते बारावी झालेल्याने प्रथम प्रमाणपत्रासाठी कर्ज काढू नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) किंवा इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ (१९८५) यांतून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. ज्या देशात जायचे तेथे मुक्त विद्यापीठाची पदवी चालते काय, याची चौकशी त्या देशाच्या वकिलातीत प्रवेशापूर्वीच करावी. त्या तीन-चार वर्षांत वस्तीतील अभ्यासिकेत इंग्रजीचा वर्ग नियमित घ्यावा, तारीखवार नोंद ठेवावी आणि संस्थेच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्यावा. सेल्टा त्यानंतर करावे.

याच काळात कागदपत्रेही पाहून ठेवावीत. दहावीच्या प्रमाणपत्रावर, पासपोर्टवर आणि पदवीवर नाव, वडिलांचे नाव व आडनाव यांचे इंग्रजी स्पेलिंग एकच असावे. आपल्याकडे शाळेत एक आडनाव आणि रेशनकार्डावर दुसरे, असे पुष्कळ घरांत आढळते. ही दुरुस्ती राजपत्रातून करता येते, पण तिला वेळ लागतो. तेव्हा ती व्हिसाचा अर्ज भरण्याच्या आधीच उरकावी.